शेवटच्या ड्रिपरखाली भांडं धरून पाहा

ठिबक सिंचनाची कार्यक्षमता (दिलेल्या पाण्यापैकी मुळांना मिळणारा वाटा) ९० टक्के, पाटपाण्याची ६०, म्हणून ठिबकच सरस, असं म्हटलं जातं. मान्य, पण हे आकडे नीट राखलेल्या संचाचे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली (नळीवरच्या थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाखाली) १५ मिनिटांत १ लिटर पाणी जमायला हवं. मी भांडी लावून मोजलं: नळीच्या सुरुवातीला पुरेपूर लिटर, टोकाला जेमतेम ६०० मिली! टोकाची बुचं काढली तर आधी शेवाळलेलं, गढूळ पाणी आलं. ते नितळ होईपर्यंत वाहू दिलं, फिल्टरची जाळी घासली, तेव्हा कुठे फरक कमी झाला.

तोवर टोकाची झाडं भिजावीत म्हणून पंप जास्त वेळ चालायचा आणि सुरुवातीच्या झाडांचं पाणी मुळांखाली निघून जायचं. अशाने दर घनमीटर पाण्यामागचं उत्पादन घटणारच.