सामोअन विद्यार्थिनीच्या प्रॅक्टिकमबद्दल सल्ला हवा आहे

दक्षिण_ऑकलंड:
नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या एका बालशिक्षण केंद्रात शिक्षिका आहे. सध्या माझ्याकडे एक सामोअन विद्यार्थिनी प्रॅक्टिकमला, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून केंद्रात प्रत्यक्ष काम करायला, आली आहे. चाळिशीची, तीन मुलांची आई, शिवाय आईवडील आणि चर्चचं काम.

मुलांत बसली की तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. रडणारं पोर मांडीवर घेते, हळू आवाजात सामोअन गाणं सुरू करते, की बाकीची पोरं आपणहून येऊन चिकटतात. नातवाला सोडायला आलेल्या आजी-आजोबांच्या समोरून जाताना वाकून 'तुलोउ' (माफ करा) म्हणते, बसून त्यांची विचारपूस करते. पालक आम्हाला सांगत नाहीत ते तिला सांगतात.

पण मीटिंगमध्ये गप्प. रिफ्लेक्शनच्या वहीत, म्हणजे आपल्या कामावर विचार करून लिहायच्या वहीत, जेमतेम चार ओळी. त्यात मामा वारले. सामोअन घरात अशा वेळी पैसे, चटया, स्वयंपाक, माणसं, सगळ्याचा भार कुटुंबावर येतो; त्याला फाअलावेलावे म्हणतात. तिचे बरेच दिवस बुडाले. "हिला गांभीर्य नाही," असं इथली एक जण म्हणाली, ते मला फार लागलं. कॉलेजच्या बाई लवकरच पाहणीला येतील. वही तिच्याऐवजी मी लिहिणार नाही, पण ती नापास होऊ नये असं मनापासून वाटतं. काय करू?

वेलिंग्टनकर:
ताई, मी डिप्लोमाच्या मुलींना शिकवतो. आधी बोलणं, मग लिहिणं. तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. "त्या पोराला का उचललंस? तेच गाणं का?" एवढंच विचारा आणि ऐका. मग 'ते फारिकी' या आपल्या बालशिक्षण अभ्यासक्रमाची २०१७ची आवृत्ती दोघींनी उघडा. तिचं ते गाणं त्यातल्या आपलेपणा आणि संवाद या दोन्ही धाग्यांत बसतं, हे तिला स्वतःला सापडू द्या.

"समजलं का?" विचारू नका, मान राखायला ती हो म्हणेल. "उद्या कसं करशील, दाखव," म्हणा.

बुडालेल्या दिवसांसाठी कोर्सच्या समन्वयकांना आजच लेखी कळवा, मुदत उलटल्यावर नको. आणि शिक्षण मंत्रालयाचं २०१८चं 'तापासा', म्हणजे पॅसिफिक मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा आराखडा, स्टाफ मीटिंगमध्ये वाचायला ठेवा. पॅसिफिक कुटुंबांशी नातं जोडणं हे शिक्षकाचं कौशल्य म्हणून त्यात मांडलेलं आहे. गांभीर्य नाही म्हणणाऱ्या बाईंनी ते जरूर वाचावं.

हॅमिल्टनची_माई:
माझ्या वर्गात टोंगन आणि सामोअन मैत्रिणी होत्या. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये एकत्र अभ्यास करायच्या. पोरं तिथेच खेळायची, जेवणही तिथेच. रात्री घरची कामं उरकून एकटीने लिहिणाऱ्या मागे पडल्या. जवळच्या केंद्रात दुसरी पॅसिफिका विद्यार्थिनी असेल तर दोघींची गाठ घालून द्या. शक्य असेल तर एखाद्या आओंगा आमातामध्ये, म्हणजे सामोअन बालशिक्षण केंद्रात, दिवसभर पाठवा. तिथे सामोअन शिक्षिका सामोअनमधूनच वर्ग चालवतात, ते तिने बघायला हवं.

दक्षिण_ऑकलंड:
दोघांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत बसलो. त्या पोराची आजी चर्चमध्ये तेच गाणं म्हणते, हे तिने हेरलं होतं! आमच्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. अर्धं बोलणं सामोअनमध्ये झालंय. ते रेकॉर्डिंग वहीला जोडू का?

वेलिंग्टनकर:
समन्वयकांना विचारून जोडा, भाषांतर मात्र तिनेच करावं. आणि पाहणीच्या दिवशी कॉलेजच्या बाईंना ऑफिसात बसवू नका, मुलांमध्ये चटईवर हिच्या शेजारी बसवा.