व्हर्मिलियन नदीच्या ट्राउटसाठी आपण स्टॉल लावायचा का?

प्रेषक: लेकव्हिलहून एक सभासद
प्रति: मंडळ यादी

नमस्कार मंडळी,

गणपती नुकतेच झाले, सगळे दमलेले आहेत, हे माहीत असून लिहितोय, कारण जागा लवकर सांगायची आहे.

इथे मिनेसोटात लेकव्हिल, फार्मिंग्टन, एम्पायर या पट्ट्यात आपली बरीच घरं आहेत. तिथल्या बऱ्याच छपरांवरचं आणि ड्राइव्हवेंवरचं पावसाचं पाणी व्हर्मिलियन नदीत जातं. स्कॉट काउंटीत उगम, मग डकोटा काउंटीतून वाहत हेस्टिंग्जला धबधब्यावरून उडी आणि पुढे मिसिसिपी. या नदीत ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे, आणि तो दरवर्षी हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, आणून सोडलेला नाही, इथेच अंडी घालून वाढतो. महानगराच्या इतक्या जवळ हे क्वचितच पाहायला मिळतं.

ट्राउट अनलिमिटेड या गळ टाकणाऱ्यांच्या, नद्या राखणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेतली काही मंडळी फार्मिंग्टनजवळचा काठ दुरुस्त करण्यासाठी निधी गोळा करताहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे आणि खाण्याच्या स्टॉलसाठी ते कुणीतरी शोधताहेत. आपण मिसळीचा स्टॉल लावावा, नफा त्यांना द्यावा, असं सुचवतो. मी उन्हाळाभर त्यांच्याबरोबर काम करतोय. माणसं सरळ आहेत.

कळावे.

---

प्रेषक: खजिनदार

नमस्कार,

सूचना चांगली आहे, पण तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते. एक, दिवाळीच्या कार्यक्रमात जमा होणारी देणगी गावाकडच्या शाळांसाठी जाहीर झालेली आहे, त्यातला एक सेंटही इकडे वळणार नाही. दोन, मंडळाच्या घटनेत भाषा आणि संस्कृती लिहिलंय, मासे लिहिलेले नाहीत. तीन, मागच्या वेळी मिसळीच्या स्टॉलवर फरसाणाचा खर्च कुणी लिहूनच ठेवला नव्हता. कुणी, ते इथे लिहीत नाही.

आणि एक साधा प्रश्न: गळ टाकायला हजार-हजार डॉलरच्या काठ्या घेऊन येणाऱ्या लोकांना आपल्या मिसळीच्या पैशांची गरज काय?

---

प्रेषक: बर्न्सव्हिलचा मालवणी

मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. मासा धरतात, फोटो काढतात आणि परत सोडतात! सोडूचेच तर धरतत कित्याक? घरी आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी आजारी आहे.

स्टॉलला मात्र येईन. कांदा चिरायला माझं नाव लिहा.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी शाकाहारी माणूस. माझा मुद्दा मालवणी मित्राच्या उलट्या टोकाचा. खायचा नसेल तर त्या जिवाच्या तोंडात आकडा अडकवून करमणूक कशासाठी? अशा छंदाला मंडळाने हातभार लावावा का, याचा विचार व्हावा.

दुसरं असं की आपण पानी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी वर्गणी काढली होती, ती दुष्काळी गावांसाठी. तिथे माणसाला प्यायला पाणी नव्हतं. इथे दहा हजार तलावांच्या राज्यात पाण्यासाठी पैसे मागणं मला तरी जरा चमत्कारिक वाटतं. राग नसावा.

---

प्रेषक: लेकव्हिलहून एक सभासद

काका, राग कसला. तुमच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण गंमत तिथेच आहे.

वॉटर कपच्या वेळी आपण सगळे 'माथा ते पायथा' म्हणत होतो. त्याआधीपासून सरकारी भिंतींवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' वाचत आपण मोठे झालो. ट्राउटच्या नदीला यातलं अर्धंच लागू पडतं. इथे पाणी जिरवायचं, पण अडवायचं नाही.

कारण असं. मिनेसोटाच्या आग्नेय भागात चुनखडकातून येणारे झरे बारा महिने साधारण 9 अंश सेल्सिअसचे असतात. जुलैत हात घातला तर बोटं बधिर होतात, आणि जानेवारीत त्याच पाण्यावर वाफ दिसते. ट्राउटला हेच पाणी लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी 20 अंशांच्या वर जाऊ लागलं की मासा खाणं कमी करतो, झऱ्याच्या तोंडाशी गर्दी करतो, आणि 25 च्या आसपास जीव धोक्यात येतो. दहा हजार तलाव आहेत खरे, पण उन्हाळ्यात त्यातले बहुतेक ट्राउटच्या दृष्टीने आंघोळीचं पाणी.

आता आपण काय करतो? शेताच्या जागी डांबर आणि छप्पर घालतो. जुलैच्या दुपारी तापलेल्या पार्किंगवर वादळी सर आली की ते पाणी चटके देतच गटारात जातं. पूर येऊ नये म्हणून प्रत्येक वसाहतीत एक तळं खणलेलं असतं, ज्याला बिल्डर 'लेक व्ह्यू' म्हणून विकतो. ते गाळ धरतं हे चांगलंच, पण उन्हात दिवसभर तापलेलं वरचं पाणी मग ओढ्यात सोडतं. म्हणजे माशाला पाणी कमी पडतं असं नाही, चुकीच्या वाटेने येतं. तेच पाणी जमिनीत मुरून आलं तर खालून थंड होऊन झऱ्याला मिळतं. म्हणून हे लोक सगळीकडे पावसाच्या बागा करा म्हणतात: अंगणात थोडा खोलगट वाफा, त्यात खोल मुळांची इथली गवतं, छपराचा पाइप तिकडे वळवलेला. आपल्याकडच्या समतल चराचीच ही अंगणातली बहीण.

खजिनदारताईंच्या प्रश्नाचं उत्तर पैशात देतो. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, 2034 पर्यंत. 10 डॉलरच्या खरेदीला पावणेचार सेंट, किराणा आणि कपडे सोडून. त्यातला साधारण एक-तृतीयांश वन्यजीवांच्या अधिवासासाठी जातो, तेवढाच स्वच्छ पाण्यासाठी, आणि सुमारे पाचवा हिस्सा कला-संस्कृतीसाठी. तो कर आपण भरतोच आहोत. छोट्या संस्थांना अधिवासाच्या कामासाठी त्यातून अनुदान मिळतं, पण अट अशी की अनुदानाच्या किमान दहा टक्के वाटा संस्थेने स्वतः उभा करायचा. म्हणजे मिसळीचा एक डॉलर मागे दहा डॉलर ओढून आणतो. श्रीमंत गळवाले असले तरी हा वाटा कुणीतरी जमवावाच लागतो. शिवाय हा वाटा रोखच पाहिजे असं नाही, श्रमदानही धरतात. तेव्हा ताई, घटनेचा अडसर वाटत असेल तर मंडळाने पैसा देऊच नये, माणसं द्यावीत. हिशेबात ते तास लागतात.

आकडा तोंडात अडकवण्याबद्दल, काका, माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी स्वतः गळ टाकत नाही. पण 1959 साली मिशिगनमध्ये ऑ सेबल नदीकाठी ट्राउट अनलिमिटेड सुरू केली ती गळ टाकणाऱ्यांनीच, आणि बर्फात कंबरभर पाण्यात उभे राहून काठ बांधणारे आजही तेच आहेत. छंद नसता तर हे कुणी केलं असतं, मला शंका आहे.

काठ बांधणं म्हणजे काय तेही सांगतो. उभा कोसळणारा काठ उतरता करतात, म्हणजे पुराचं पाणी पसरतं आणि काठ खात नाही. पात्र अरुंद करतात, म्हणजे धार वेगाने वाहून तळ धुऊन काढते. ट्राउटची मादी शेपटीने गोटे-खडी उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते. ब्राउन ट्राउटची अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात आणि खडीच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यावर जगतात. वर गाळाचा थर बसला की ती गुदमरतात. मोठा मासा मरून तरंगला की फोटो छापून येतो, अंड्यांचं कुणाला कळतही नाही.

माझ्या मुलीला मागे नेलं होतं. तिने पाण्यातला एक दगड उलटा केला तर खाली काडीएवढी नळी चिकटलेली. वाळूचे कण एकेक करून जोडलेले, आणि आतून डोकं बाहेर काढणारी अळी. कॅडिस माशीची. ट्राउट जे खातो त्यातलं हे एक. पोरगी अर्धा तास तिथून हलली नाही, आयपॅड गाडीतच.

---

प्रेषक: महाडची, आता फार्मिंग्टनची

मी या यादीवर फक्त वाचते, पण आज लिहिते.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात महसीर मासे आहेत, लोक कुरमुरे टाकतात आणि पाण्यावर एकदम काळ्या पाठी उसळतात. तिथे मासा कुणी धरत नाही, देवीचा म्हणून. लहानपणी त्यात काही विशेष वाटायचं नाही.

इथे सॅव्हेज गावात ईगल क्रीक नावाचा ट्राउटचा ओढा आहे. त्याच्या उगमापाशी एक झरा वाळूतून उकळल्यासारखा बुडबुडतो, पाणी मात्र गार. डकोटा या इथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी ती जागा पवित्र आहे. आजूबाजूला घरं आणि दुकानं आली तरी झरा टिकला. कृपया तिथे सहली काढू नका, म्हणून पत्ता देत नाही.

माजी अध्यक्ष काका, धरायचा नाही आणि राखायचा, हे आपल्याकडेही आहे. धरून सोडायचा हे मात्र मलाही पटत नाही, मालवणी दादांसारखंच!

एक विचारायचं होतं. आमच्या वसाहतीचं तळं एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचं आहे. त्यांच्याशी कुणी बोललंय का?

---

प्रेषक: लेकव्हिलहून एक सभासद

बोललोय. तळ्याभोवती गवत कापायचं बंद करा, काठाला सावली येऊ द्या, एवढीच मागणी होती. 'अनटायडी दिसेल' म्हणाले. पुढच्या बैठकीला तुम्हीही चला, दोघं असलो की वजन पडतं.

आणि मिठाचं राहिलंच. बर्फ वितळवायला आपण जे मीठ फेकतो ते कुठेही नाहीसं होत नाही. एक चमचा मीठ 5 गॅलन पाणी कायमचं बिघडवायला पुरतं. 15 फॅरनहाइटच्या खाली साधं मीठ काम करत नाही, तरी आपले लोक उणे दहातही पोतंभर ओततात. आधी फावड्याने नीट काढा, मग चिमूटभर टाका. संक्रांतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या दारात मुरमुऱ्यासारखं पसरलं होतं.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

गळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण पोराबाळांनी दगड उलटून पाहावेत, ही गोष्ट बरी वाटली. श्रमदानाला माझं नाव घाला. गुडघे साथ देत नाहीत, बसून करण्यासारखं काही असेल तर.

---

प्रेषक: खजिनदार

कार्यकारिणीत बोलणं झालं. ठरलं ते असं:

स्टॉल लागेल, मंडळाच्या नावाने नाही, सभासदांच्या नावाने. पैसा मंडळाच्या खात्यातून जाणार नाही, ते लोक थेट घेतील. साहित्याच्या पावत्या माझ्याकडे, फरसाणासकट. मिसळ कमी तिखट आणि जास्त तिखट अशी दोन पातेली. मागच्या वेळी एका गोऱ्या आजोबांची अवस्था पाहवत नव्हती.

श्रमदान ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी, काठावरचं बकथॉर्न हे झुडूप काढायला. बाकी झाडांची पानं गळलेली असतात तेव्हा हा हिरवा राहतो, म्हणून ओळखायला सोपा. त्याच्या दाट सावलीत खाली गवत उगवत नाही, माती उघडी पडते आणि काठ ढासळतो. नुसता कापला तर पुन्हा फुटतो, बुंध्याला औषध लावावं लागतं. ते काम त्यांची प्रशिक्षित माणसं करतील, आपण कापायचं आणि ओढायचं. काकांनी खुर्चीत बसून सगळ्यांचे तास लिहायचे.

पाण्यात कुणीही उतरायचं नाही. अंडी घालण्याचे दिवस आहेत आणि खडीवर पाय पडला की संपलं. मुलांना दगड उलटायला वसंतात नेऊ.

हातमोजे आणि जुने बूट स्वतःचे. गाड्या लावायला जागा कमी आहे, लेकव्हिलच्या लोकांनी एकत्र यावं. डबा आपापला, चहा मी आणते.

---

प्रेषक: बर्न्सव्हिलचा मालवणी

कांदे किती किलो?