क्रूझचा बेत आणि मावशीची कात्री

दादा: क्रूझचं बुकिंग पक्कं झालं! बार्सिलोनाहून निघायचं, मग मार्सेय, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स, एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. आई, छोटी आणि आम्ही दोघं. प्रत्येक बंदराचं तासातासाचं वेळापत्रक केलंय. फाइल टाकतोय, सगळ्यांनी बघा.

वहिनी: लिव्होर्नोला उतरून आधी पिसा, मग फ्लॉरेन्स. दुसऱ्या दिवशी रोम: कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्ही कारंजं. तिसऱ्या दिवशी पॉम्पेईचे अवशेष आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी. रोज सहाचा गजर लावायचा.

आई: मला वाचूनच धाप लागली.

छोटी: मावशी, तू काहीतरी बोल. या ग्रुपवर क्रूझचा अनुभव तुला आणि काकांनाच आहे.

मावशी: बोलते. ताई, तू घाबरू नकोस, मी कात्री घेऊनच बसलेय.

अरे, वेळापत्रक मेहनतीने केलंयस, पण नकाशा जरा नीट बघ. क्रूझवाले छापतात ‘रोम’, जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स त्याहून लांब, बसने जायलाच दीड तास धर, तेवढाच यायला. म्हणजे लागोपाठ तीन दिवस तुम्ही पहाटे उठणार, बसमध्ये बसणार, रांगेत उभे राहणार आणि घड्याळाकडे बघत परत धावणार. जहाजावर याल ते फक्त झोपायला. मग जहाजाने कशाला जायचं? आगगाडीने जा, हॉटेलात राहा, शहरं सावकाश बघा.

माझा नियम सोपा आहे. एका सफरीत मोठा दिवस एकच. बाकी बंदरांत पायी फिरता येईल तेवढंच बघायचं, आणि एखाद्या ठिकाणी उतरायचंच नाही.

दादा: उतरायचंच नाही? मावशी, एवढे पैसे भरून?

मावशी: हो, एवढे पैसे भरलेत म्हणूनच. जहाजाचेही भरलेतच की. बंदराच्या दिवशी दहा वाजेपर्यंत बहुतेक माणसं उतरलेली असतात. पोहण्याचा तलाव मोकळा, डेकवर हवी ती खुर्ची, वाचनालयात सामसूम, जेवायला रांग नाही. आदल्या दिवशी ज्या खुर्चीवर टॉवेल टाकून लोक जागा अडवत होते तिच्यावर तू पाय पसरून बसतोस आणि समोर पूर्ण बंदर दिसत असतं. दोऱ्या, क्रेन, पलीकडे उभी मालवाहू जहाजं. मला तर हा दिवस फार प्रिय आहे.

वहिनी: पण मावशी, आपण काही बघायचं चुकवलं असं नाही का वाटत तुम्हाला?

मावशी: सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं गं. दोन दिवस जहाजावर राहिलीस की ते आपोआप जातं, कारण जहाजावर बघण्यासारखं किती आहे हे तोवर कळलेलं असतं.

एकच सांगते. बंदरात शिरताना लवकर उठून खालच्या मोकळ्या डेकवर जाऊन उभी राहा. किनाऱ्याकडून एक छोटी बोट येते, ती पायलटची. स्थानिक पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस तिच्यात असतो. आपलं जहाज थांबत नाही, नुसता वेग कमी करतं. छोटी बोट अगदी कुशीला येऊन तेवढ्याच वेगाने चालते, जहाजाच्या अंगाला पाण्याच्या जरा वर एक दार उघडतं आणि तो माणूस दोराची शिडी धरून आत येतो. पाच मिनिटांचं काम. दर बंदराला हे घडतं आणि बघायला जेमतेम चार माणसं असतात. नेपल्सला तर त्याच वेळी समोर व्हेसुव्हियस उभा असतो. त्यासाठी तिकीट नाही की बस नाही.

काका: मी पनामाचं सांगू का?

छोटी: काका, सांगाच.

काका: पनामा कालवा 1914 साली खुला झाला. लांबी साधारण 80 किलोमीटर. मधला भाग समुद्रापेक्षा उंच आहे, त्यामुळे पाण्याचे हौद भरून जहाज पायरी पायरीने सुमारे 26 मीटर वर चढवतात आणि दुसऱ्या टोकाला उतरवतात. त्यासाठी पंप लागत नाही. वरच्या तलावातलं पाणी नुसत्या उताराने हौदात येतं. जुन्या हौदांची रुंदी साडेतेहतीस मीटर आणि आमचं जहाज बत्तीसच्या वर. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. कठड्यावरून वाकून बघितलं तर काँक्रीटची ओली भिंत इतकी जवळ की तिच्यावरचे ओरखडे मोजता येतील. जहाज मधोमध राहावं म्हणून दोन्ही काठांवर रुळांवरून इंजिनं चालतात, त्यांच्या तारा जहाजाला बांधलेल्या. समुद्रापासून समुद्रापर्यंत जायला आठ-दहा तास लागले. मी डेकवरून हललो नाही.

मावशी: जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, तिसरा हौद झाला की येतो. त्या दिवशी आम्ही कुठेच उतरलो नव्हतो.

काका: अलास्कात ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातही तसंच. जहाज कुठल्या धक्क्याला लागतच नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. हिमनदीपुढे जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना दिसावं. बर्फाचा कडा तुटताना आधी दिसतो, आवाज मागून येतो.

दादा: हे आमच्या वाटेवर नाही, पण मुद्दा कळला. मग माझ्या फाइलमधलं काय ठेवायचं?

मावशी: रोम ठेव, तो तुमचा मोठा दिवस. पण रोममधलं एकच काहीतरी. चिवितावेक्कियाहून येणाऱ्या साध्या गाड्या रोमा सान पिएत्रो स्थानकावर थांबतात, तिथून सेंट पीटर्स, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. तेवढंच सावकाश बघा, चौकात बसा, परत या. कोलोसियमसाठी पुन्हा कधीतरी वेगळी सुट्टी काढून रोमला जा, त्या शहराला आठवडाही कमी पडतो.

लिव्होर्नोला फार तर पिसा, ते जवळ आहे. फ्लॉरेन्स पूर्ण काढून टाक. नेपल्सला बंदर गावातच आहे. धक्क्यावरून बाहेर पडलं की कास्तेल नुओव्हो हा जुना किल्ला समोरच. तुम्ही दोघं आणि छोटी पॉम्पेईला जा हवं तर, ताईला नेऊ नका. तिथले दगडी रस्ते उंचसखल आहेत आणि सावली कमी. ती किल्ल्यापर्यंत चक्कर मारेल, परत येऊन डेकवर बसेल. चौघांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असा काही कायदा नाही.

आई: मला चालेल. खरं तर आवडेल. पण मला बोट लागली तर?

मावशी: ताई, तुझी केबिन कुठल्या डेकवर आहे?

वहिनी: चौदाव्या. अगदी पुढे. समोरचं सगळं दिसेल म्हणून घेतली.

मावशी: अगं, शक्य असेल तर बदलून घ्या. जहाज लाटेवर पुढेमागे झुलतं तेव्हा दोन टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. आडवं हेलकावतं तेव्हा जितकं उंच तितकं जास्त जाणवतं. म्हणून मधली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. आणि नकाशात वरचा-खालचा मजला बघून घ्या. दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत झोप. वर तलावाचा डेक आला तर सकाळी खुर्च्या सरकवल्याचा आवाज तुमच्या छतावर.

बार्सिलोना ते मार्सेय या टप्प्यात लायनचं आखात लागतं. तिथे मिस्ट्राल नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, तेव्हा समुद्र खवळतो. तेव्हा पहिल्या रात्रीची तयारी ठेवा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी बरंच सुसह्य होतं. तुझ्या बीपीच्या औषधांसोबत कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना निघण्याआधी विचार. अशी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. जरा कसं वाटलं तर केबिनमध्ये पडून राहू नकोस, उघड्या डेकवर ये आणि क्षितिजाकडे बघ.

वहिनी: आजच फोन करते केबिनसाठी.

छोटी: मावशी, तुझं ऐकून वाटतंय की काहीच ठरवायला नको.

मावशी: नाही हं. बाकी सगळं सैल सोडता यावं म्हणून काही गोष्टी मी अगदी घट्ट धरते.

पहिली, निघण्याच्या बंदरावर एक दिवस आधी पोचायचं. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

दुसरी, परत येण्याची वेळ. जहाज सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी सगळ्यांनी आत असावं लागतं. जहाजाने नेलेली सहल उशिरा आली तर ते थांबतात, तुम्ही आपापले गेलात तर थांबतीलच असं नाही. म्हणून रोमहून सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्यावर. रोज जो दिनक्रमाचा कागद मिळतो किंवा ॲपवर येतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. तुमच्या तिन्ही देशांची वेळ एकच आहे, त्यामुळे यंदा सोपं आहे. ग्रीसला गेलात तर एक तासाचा फरक पडतो.

तिसरी, सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं त्याची तालीम.

दादा: ती खरंच गरजेची आहे का? म्हणतात की आता मोबाइलवर व्हिडिओ बघितला की झालं.

मावशी: व्हिडिओ बघायचाच, आणि आपल्या जमण्याच्या जागेवर पायाने जाऊन हजेरीही लावायची. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज आठवतं ना? 13 जानेवारी 2012. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून आडवं झालं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी ते चिवितावेक्कियाहून निघालं होतं, आणि तिथे चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता कवायत घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा चौघांनी पाठ करा. केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा, लिफ्टने नाही. दहा मिनिटं जातील. मग आठवडाभर मी त्याचा विचारही करत नाही.

काका: हात धुण्याचंही सांग.

मावशी: हो. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस पसरतो, आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. जेवायच्या आधी साबणाने हात धुवायचे. प्रवासाच्या विम्यात वैद्यकीय खर्च आणि गरज पडल्यास जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघून घे, जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. आणि जहाज सुटलं की मोबाइल फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं.

छोटी: इस्त्री नेऊ का?

मावशी: आगीच्या भीतीने चालत नाही, काढून घेतात. त्यापेक्षा चुंबकाचे हुक ने. केबिनच्या भिंती पोलादी असतात, टोप्या-पिशव्या छान लटकवता येतात.

दादा: हे घ्या नवीन वेळापत्रक. मार्सेय: जुन्या बंदरापर्यंत शटल बसने जाऊन चक्कर. लिव्होर्नो: उतरायचं नाही, आईची खुर्ची माझ्या शेजारी. रोम: फक्त सेंट पीटर्स. नेपल्स: आम्ही तिघं पॉम्पेई, आई किल्ला आणि डेक. समुद्राचा दिवस: कोरा.

मावशी: शाब्बास. गजर?

वहिनी: फक्त रोमला. आणि नेपल्सला पायलट बघायला.

मावशी: छान. आता एकच राहिलं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवा. दर सफरीत कुणीतरी नाश्त्याला रात्रीच्या पायजम्यात आलेलं असतं.

आई: आणि माझ्या गोळ्या?

मावशी: तुझ्या पर्समध्ये, ताई. जातानाही आणि येतानाही. पासपोर्टही तिथेच.