अँड्रॉइड फोनमध्ये हेरगिरीचं ॲप आहे का? मदत हवी आहे

फोन अँड्रॉइड १३ चा आहे, रूट केलेला नाही (म्हणजे सिस्टमचे मूळ अधिकार उघडलेले नाहीत), पिन फक्त मलाच माहीत. बॅटरी लवकर उतरते, पण ते सोडा, ती जुनीच आहे. शंका वेगळीच आहे. फोन नुसता टेबलावर पडलेला असताना वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटतो, म्हणजे माइक किंवा कॅमेरा चालू. प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये (कोणत्या ॲपने माइक-कॅमेरा कधी वापरला ते दाखवणारं सेटिंग्जमधलं पान) त्या वेळेसमोर ‘सिस्टम सर्व्हिस’ नावाचं, आयकॉन नसलेलं ॲप दिसतं. ॲक्सेसिबिलिटीची परवानगीही (स्क्रीन वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणं दाबण्याची मुभा) त्याच्याकडेच. ती काढायला गेलं की सेटिंग्जचं पान आपोआप मिटतं!

प्ले प्रोटेक्टचं (गूगलची घातक ॲप शोधणारी सोय) स्कॅन केलं, काही सापडलं नाही. गूगल खात्यात आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी उपकरण नाही. (‘*#२१# डायल करून बघा’ असं कृपया सुचवू नका, त्यातून फक्त कॉल फॉरवर्डिंग कळतं.) सेफ मोडमध्ये (यात फक्त फोनसोबत आलेली ॲप चालतात) मात्र ठिपका एकदाही आला नाही, त्यामुळे हे फोनसोबत आलेलं ॲप नसावं असं वाटतं. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदललेत, बँकेचं ॲप काढून टाकलंय.

फॅक्टरी रीसेट लगेच करता येणार नाही, ऑथेंटिकेटरचे (लॉगिनचे दुसऱ्या टप्प्याचे कोड देणारं ॲप) कोड अजून हलवायचे आहेत.

सेफ मोडमध्ये जाऊन त्याचा डिव्हाइस ॲडमिनचा हक्क (हा असेल तर ॲप सहज काढता येत नाही) काढला आणि ॲप अनइन्स्टॉल केलं, तर तेवढं पुरतं का? की मागे काही उरतंच आणि रीसेटला पर्याय नाही?