मदत हवी आहे: गच्चीत सापडलेला प्रार्थना कीटक चार दिवस काही खात नाहीये

नवरात्र संपल्यावरच्या शनिवारी कढीपत्त्याच्या कुंडीत लेकाला (वय ९) एक हिरवागार प्रार्थना कीटक सापडला. त्याने तो अलगद फरसाणाच्या रिकाम्या प्लास्टिक बरणीत घातला, माझ्याकडून झाकणाला दाभणाने भोकं पाडून घेतली आणि हा आता आपला पाळीव प्राणी असं जाहीर करून टाकलं. कुत्र्याला दोन वर्षं मीच नाही म्हणतेय, त्यामुळे इथे तोंड उघडायची सोय नव्हती.

आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. कीटक साधारण तीन इंच लांब, पोट टम्म, पंख पाठ झाकतील एवढे आणि दोन्ही पंखांवर एकेक पांढुरका ठिपका. साबा (सासूबाई) त्याला नाकतोडाच म्हणतात आणि "सोडा रे त्या जिवाला" असं दिवसातून तीनदा बजावतात.

आतापर्यंत दिलेला मेनू: कोथिंबीर, काकडीची चकती, मेलेली माशी. कशालाही शिवला नाही. बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलंय, त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

खरी काळजी डोळ्यांची आहे. दिवसा डोळे हिरवे असतात, आत एक काळा ठिपका, आणि आपण जिकडे जाऊ तिकडे तो ठिपका सरकतो. काल रात्री दहाला बघितलं तर दोन्ही डोळे पूर्ण काळे! लेक रडायलाच लागला, आंधळा झाला म्हणून. सकाळी परत हिरवे. हा रोग आहे का? उपाशी मरतोय का? कृपया लवकर सांगा, उद्या शाळेतून आल्यावर मला उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद: गांडूळखत

आधी डोळे, म्हणजे लेक शांत होईल. ठणठणीत आहेत. अंधार पडला की डोळ्यातलं रंगद्रव्य जागा बदलतं, जास्त उजेड आत घेता यावा म्हणून, आणि डोळे काळे दिसतात. उजाडलं की पूर्ववत. तो फिरणारा ठिपका म्हणजे बाहुली नाही. डोळा हजारो बारीक नळ्यांचा असतो, त्यातल्या ज्या नेमक्या तुमच्याकडे रोखलेल्या असतात त्या काळ्या दिसतात. त्यामुळे खोलीत चौघे चार बाजूंना बसले तरी प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडेच बघतोय.

वर्णनावरून हा हायरोड्युला जातीतला वाटतो, आणि 'तो' नसून 'ती' असावी. पोटाची खालची बाजू बघा. मादीला सहा वळ्या दिसतात, नराला आठ. नर सडपातळ असतो, रात्री दिव्यावर उडत येतो. टम्म पोटाची ती मादी.

आणि कोथिंबीर! अहो, हा वाघ आहे. हलणारी, जिवंत शिकार लागते. मेलेली माशी त्याच्या लेखी अन्नच नाही (चिमट्यात धरून तोंडापुढे हलवली तर कधीकधी फसतो).

प्रतिसाद: पावशेर

गांडूळखत, +१. बरणीबद्दल थोडं. उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, कारण हे उलटे लटकून राहतात. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय ठरत नाहीत आणि बाहेर जायच्या धडपडीत डोळा घासून कायमचा काळा डाग पडतो. झाकणाऐवजी मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, आत एक काटकी तिरकी ठेवा. पाणी झाकणातून पीत नाहीत, इस्त्रीच्या फवाऱ्याने रोज एकदा कडेला तुषार मारा, थेंब चाटतात.

अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: त्या खोलीत डास मारायचं लिक्विडचं मशीन लावू नका. डासाला जे मारतं ते याला सोडत नाही. सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं असेल तर तिथली झुरळंही खायला घालू नका.

प्रतिसाद: धागाकर्ती

सहा वळ्या! लेकाने भिंग लावून मोजल्या. मशीन त्याच खोलीत होतं, कालच काढलं. कापड बांधलं. संध्याकाळी दिव्याखालचा एक पतंग आत सोडला, तर बाईंनी मान वळवून नुसतं बघितलं. बघण्यापलीकडे काही नाही.

प्रतिसाद: गांडूळखत

पूर्ण पंख आले म्हणजे वाढ संपली, आता कात टाकणार नाही. त्यामुळे कात टाकण्याआधीचा उपास हा नव्हे. फुगलेलं पोट आणि अन्नावर वासना नाही, तर बहुतेक अंडी घालायच्या बेतात आहे. फेस सोडते, तो वाळून सुपारीएवढा तपकिरी कोष होतो. नराशी गाठ पडली नसली तरी कोष घालते, फक्त त्यातून सहसा काही निघत नाही.

प्रतिसाद: उंबरठा

मी 'सोडून द्या' गटातली. मोठी झालेली मादी फार तर काही महिन्यांची सोबती असते. एवढ्या दिवसांसाठी बरणी कशाला? साबा बरोबर आहेत.

प्रतिसाद: पावशेर

एरवी मीही तेच म्हणेन. पण आज-उद्या कोष घालणार असेल तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. मुलाला ते बघायला मिळणं कुत्र्याहून स्वस्त आहे.

प्रतिसाद: धागाकर्ती

धागा वर काढतेय. गेल्या आठवड्यात एका रात्री मच्छरदाणीच्या कापडालाच उलटी लटकून सुरू झाली. शेपटीचं टोक डावीउजवीकडे फिरवत पांढुरका फेस, अगदी केकवर क्रीम काढतात तसा. दोन तासांहून जास्त चाललं होतं. लेक साडेअकरापर्यंत जागा, आणि साबाही, चष्मा लावून. पोट एकदम सपाट. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माशी आणि संध्याकाळी पतंग, दोन्ही फस्त. पतंगाचे पंख तेवढे खाली टाकले.

रविवारी तिला त्याच कुंडीत सोडलं. दुसऱ्या दिवशीही त्याच फांदीवर होती, नंतर दिसली नाही. कोष कापडासकट कापून ठेवलाय. पिल्लं निघतील का, आणि निघाली तर काय खातात?

प्रतिसाद: गांडूळखत

कुंडीतच सापडली म्हणजे नर भेटलेला असण्याची शक्यता चांगली. उबेत महिना-दीड महिना धरा, गारठा पडला तर जास्त. कोष बाहेर फांदीला उलटा बांधलात तर मुंग्या आणि कोषातच अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या यांचं भय असतं. घरात ठेवलात तर शंभराहून जास्त पिल्लं एका सकाळी निघू शकतात आणि खायला नसेल तर एकमेकांना खातात. मधला मार्ग: कोष बरणीत, पण बरणी गच्चीत सावलीला. निघाली की दहा ठेवा, बाकीची झाडांवर.

खाणं म्हणजे चिलटं. पिकून काळं पडलेलं केळं काचेच्या बाटलीत घालायचं, तोंडाला कागदाचं नरसाळं. दोन दिवसांत चिलटं आत येतात, बाहेर जायची वाट सापडत नाही. दिवाळीनंतर सुरू करा, फराळाच्या डब्यांपासून लांब.