ॲम्प्लिफायरला जोडायला जुना एफएम ट्यूनर घ्यावा का?

डायलप्रेमी:
घरी ॲम्प्लिफायर आणि बरे स्पीकर असतील तर वापरलेला एफएम ट्यूनर (नुसता रेडिओ पकडणारा डबा, आवाज ॲम्प्लिफायरमधून) जरूर घ्यावा. सोनी, यामाहा, टेक्निक्सचे जुने ट्यूनर त्याच कंपन्यांच्या ॲम्प्लिफायरच्या मानाने स्वस्तात मिळतात, कारण गिऱ्हाईकच नसतं. पुण्यात १०१ वर विविध भारती लावून बघा. मोबाइलच्या एफएममधला आणि हा आवाज, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सरळमार्गी:
पटत नाही. आकाशवाणीच्या ॲपवर विविध भारती फुकट, वर शास्त्रीय संगीताची रागम वाहिनीही. फोन ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरचं उपकरण जोडायच्या सॉकेटला) जोडा, काम झालं. एफएमवर १५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज येतच नाही, मग ट्यूनर कितीही भारी घ्या.

डायलप्रेमी:
रागमसाठी ॲप हवंच, मान्य. पण १५ चं काय घेऊन बसलात? पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणातच त्याच्या वर फारसं काही नसतं. ॲपवर नेट अडकलं की गाणं अडकतं. फोन आला की तेही गेलं. मला गाणी सलग ऐकायची आहेत.

सोल्डरगन:
घ्या, पण मागचं लेबल वाचून. जपानच्या बाजारातले जुने ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झचे आणि १०० व्होल्टचे. आपली खासगी स्टेशनं ९१ च्या पुढे, म्हणजे तो डबा इथे मुका. अमेरिकी ट्यूनर १२० व्होल्टचा. त्यात आकडे दाखवणारा असेल तर बहुधा ०.२ च्या टप्प्याने सरकतो: १००.९ नंतर थेट १०१.१. तुमची विविध भारती मधल्या मध्ये राहिली! शिवाय तिकडचं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम चढवलेले वरचे स्वर ट्यूनरमध्ये पुन्हा खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंदाचं, आपलं ५०. त्यामुळे झांजा, घुंगरू दबल्यासारखे वाटतात. युरोपसाठी बनलेला सेट सर्वांत बिनधोक. दुकानात चालू करून स्टिरिओचा दिवा लागतो का ते बघा. काट्याच्या डायलवर सगळीच स्टेशनं सरकलेली दिसली तर अलाइनमेंट (आतल्या सर्किटची जुळणी) बिघडलंय, तो घेऊच नका.

सरळमार्गी:
म्हणजे जपानी नको, अमेरिकी नको, आणि बिघडला तर अलाइनमेंट करणारा कारागीर शोधत पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली पालथी घाला. तुम्ही माझीच बाजू मांडताय. आमच्या सोसायटीत तर गच्चीवर अँटेनाही लावू देत नाहीत.

डायलप्रेमी:
अहो, लेबल वाचायला कितीसा वेळ लागतो? आणि शहरात गच्ची बहुधा लागतही नाही. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची चपटी वायर दीड मीटर कापा, दोन्ही टोकांना तिच्या दोन तारा एकमेकींना जोडा. मधोमध एकच तार तोडून तिथून तशीच वायर ट्यूनरच्या मागच्या अँटेनाच्या ३०० ओहमच्या स्क्रूपर्यंत न्या. नुसतं ७५ ओहमचं सॉकेट असेल तर मध्ये छोटा बालून (३०० ओहमची वायर ७५ च्या सॉकेटशी जुळवणारा जोड) लागेल. पडद्यामागे आडवी ताणा आणि स्टिरिओची खरखर जाईपर्यंत भिंत बदलून बघा.

सोल्डरगन:
आडवी ताणा हे खरं, पण लोखंडी ग्रिलपासून लांब.