यशयाच्या गुंडाळीने नेमके काय सिद्ध होते?

प्रश्न: मृत समुद्राजवळील कुमरानला १९४७ मध्ये सापडलेल्या, यशया या बायबलमधील ग्रंथाच्या गुंडाळीमुळे बायबलचा पाठ हजार वर्षे जसाच्या तसा राहिला हे सिद्ध होते, असे वारंवार वाचनात येते. हे विधान कितपत अचूक आहे?

उत्तर १: बऱ्याच अंशी अचूक आहे, मात्र ‘जसाच्या तसा’ हे शब्द मी वापरणार नाही. सुमारे सव्वासात मीटर लांबीच्या या चर्मपत्रावर सर्व ६६ अध्याय असून ते साधारणपणे इ.स.पू. दुसऱ्या शतकातील आहे, तर संपूर्ण हिब्रू बायबलची सर्वांत जुनी पूर्ण प्रत, लेनिनग्राड हस्तलिखित, इ.स. १००८ मधील आहे. एवढ्या अंतरानंतरही आशय कायम आहे आणि बहुतेक फरक वर्णलेखनाचे आहेत. तरीही ५३व्या अध्यायाच्या ११व्या वचनात पारंपरिक हिब्रू पाठात नसलेला ‘प्रकाश’ हा शब्द येथे आहे, आणि तोच प्राचीन ग्रीक भाषांतरातही आढळतो. मला हा फरक सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर २: एक भर घालतो. यिर्मया या बायबलमधील दुसऱ्या ग्रंथाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे: कुमरानच्या काही तुकड्यांत ग्रीक भाषांतराशी जुळणारा, आखूड हिब्रू पाठ मिळाला आहे. त्यामुळे एका ग्रंथावरून सर्व ग्रंथांचा निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. यिर्मयाचे दोन्ही पाठ आता शेजारी ठेवून वाचतो.